सीलबंद तांब्या

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात, आणि आमच्या तेव्हाच्या हवालदारांना हसू फुटतं.

डोंबिवलीत फौजदार होतो. एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला: इथल्या निवृत्त मास्तरांचं शाईचं पेन चोरीला गेलंय, संशय कामवाल्या मावशींवर. मास्तरांकडे अशी साठेक पेनं. आमच्याकडे फिर्यादसुद्धा संगणकावर टाइप होते, पेन लागतं ते सहीपुरतं. त्यामुळे पेनासाठी डोळे पुसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. गेलेलं पेन त्यांच्या वडिलांचं होतं.

"दुपारी हिच्या हातचा चहा प्यायलो आणि गाढ झोप लागली," मास्तर म्हणाले.

झालं! माझ्यातला महान गुप्तहेर जागा झाला. स्वयंपाकघरात ओट्यावर एक तांब्या, त्यात काळंनिळं पाणी. गुंगीचं औषध!

"यात काय मिसळलंस?" मी मावशींवर गरजलो.

"शाई आहे, साहेब. काका पेनं धुवायला भिजत घालतात, मग विसरतात."

"मला शिकवू नकोस."

"नका शिकू. पण माझं नाव लिहिलंत तर चारही घरची कामं सुटतील. एकदा तांब्या हलवून तरी बघा."

पुरावा हलवायचा? छे! पंच बोलावले, पंचनाम्यात ‘संशयास्पद निळसर द्रव’ लिहिलं, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधून लाखेचं सील ठोकलं.

जिन्यात हवालदार थबकले. "साहेब, औषध खुळखुळतंय."

परत वर गेलो. पंचांसमोर सील तोडलं, पाणी ओतलं. तळाशी टोपण, नळी, निब.

"अरे देवा," मास्तर पुटपुटले, "सकाळी मीच..."

मी मावशींना म्हटलं, "जा तुम्ही आता."

"तशी नाही जाणार. लिहून द्या. चार घरी दाखवायचंय."

मास्तरांनी खाली मान घालून तेच पेन पुसलं, जोडलं, भरलं, माझ्या हातात दिलं. मी निब उलटी धरलेली, काही उमटेना.

"फिरवा, साहेब," मावशी म्हणाल्या. "काका तसं धरत नाहीत."

मी लिहिलं: ‘चोरी झालेली नाही. गैरसमज झाला.’ त्यांनी सावकाश वाचलं.

"कोणाचा, ते नाही लिहिलं."

तेही लिहिलं. फुंकर मारून त्यांनी कागद वाळवला आणि चारही घरांत फिरवला. सेक्रेटरींना म्हणे दोनदा वाचायला लावला.

नव्या फौजदारांना मी सांगतो, घरात रोज वावरणारं माणूस काही सांगत असेल तर आधी ऐका, लाख नंतर वितळवा. ते विचारतात, "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

पुस्तकात नाही. मूळ प्रत एका मावशींकडे आहे, माझ्या सहीनिशी.