खुनाचा आळ सासूवर

पस्तिशी ओलांडेपर्यंत मी कादंबरी नावाची वस्तू हातात धरली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर कर्जतच्या बाजूला. तिथं पुस्तक म्हणजे अभ्यासाचं, आणि परीक्षा झाली की तेही रद्दीत. लग्न होऊन राहुरीच्या बाजूला आले, तर इथं ऊस, कांदा आणि पुन्हा कांदा. मी वाचायला लागले तीसुद्धा ज्ञानबिनासाठी नाही. कामचुकारपणासाठी लागले.

झालं असं की रेशनकार्डाच्या कामाला ग्रामपंचायतीत गेले होते आणि साहेबांचा पत्ता नव्हता. वरच्या खोलीत गावचं वाचनालय आहे आणि तिथं पंखा आहे, एवढं मला माहीत होतं. जाऊन बसले. वाचनालयाचे भाऊ म्हणाले, "ताई, बसायचं असंल तर कायतरी हातात धरा." धरलं. जाडजूड होतं. चाळीस पानं झाली तेव्हा कळलं की साहेब येऊनही गेले. रेशनकार्डाला पुढं दोन महिने लागले आणि घरी मी खूप बोलणी खाल्ली, पण पुस्तक घरी घेऊन आले होते.

आता सावडीचं सांगते. कांदा साठवणीच्या चाळीतून बाहेर काढला की निवडायला बायका लागतात. सडका फेकायचा, बारीक गोल्टी वेगळी, मोठा गोणीत. मजूर मिळत नाहीत, म्हणून आम्ही गल्लीतल्या सात जणी सावड करतो. आज सगळ्या माझ्या चाळीवर, उद्या सगळ्या तुमच्या. दिवसाला दिवस. आमच्यात माझ्या सासूबाई असतात, त्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी आत्याबाई म्हणते. शेजारच्या चाची असतात, त्यांचाही एकरभर कांदा असतो. बाकीच्या भावकीतल्या.

आधी आम्ही मोबाईलवर मालिका लावायचो. पण हात मातीनं आणि फोलपटांनी भरलेले, जाहिरात आली की पुढं कोण ढकलणार यावर भांडणं. एक दिवस मी म्हटलं, मी वाचून दाखवू का? घोड्यांची, लढायांची गोष्ट होती. दुपारपर्यंत सगळ्यांचे कान माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी मी कांद्याला हात घातला तर चाची म्हणाल्या, "तू नको निवडू. तू पढ." तिथल्या तिथं ठरलं की वाचणारीची सावड वाचण्यात धरायची. सहा जणी निवडणार, मी सावलीत बसून पानं उलटणार. माझ्यासारखी नशीबवान बाई अख्ख्या तालुक्यात नसेल.

मग आम्ही वाचनालयाची कपाटंच उपसायला लागलो. इतिहास झाला, संसाराच्या झाल्या, भुताच्या झाल्या. मला एक गंमत कळली. लढाई आली की कांदा भराभर निवडला जायचा, एकेक गोणी बघता बघता भरायची. संसाराची गोष्ट असली की हात थांबायचे आणि नाकं ओढली जायची. भुताची असली की चाची खूश, बाकीच्या एकमेकींना चिकटून बसायच्या आणि सडका कांदा खुशाल चांगल्यात जायचा. म्हणून माल बाजारात न्यायची घाई असली की मी इतिहास काढायचे.

लिहिणाऱ्यांवरही आमच्या पैजा लागायच्या. इतिहासवाला म्हणजे मोठ्या मिशांचा, आवाज चढवून बोलणारा, यावर सगळ्यांचं एकमत. संसाराच्या गोष्टी लिहिणारी बाई नक्की थोरल्या घरात दिलेली धाकटी सून असणार. खुनाच्या गोष्टी लिहिणारा माणूस मात्र कुणालाच जवळचा वाटेना. आत्याबाई म्हणायच्या, "असल्याच्या घरी च्या बी पिऊ नये."

त्याच माणसाची एक कादंबरी आम्ही मागच्या उन्हाळ्यात लावली. मोठा बागायतदार बंगल्यात मरून पडलेला. रोज रात्री तो दूध प्यायचा, त्या दुधात विष. घरात त्याची म्हातारी आई, बायको, भाऊ आणि येणारा-जाणारा डॉक्टर. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांच्यासारखा तपास मी पोलिसांत बघितला नाही. पेला कुणी ठेवला, दार कुणी लोटलं, कुत्रं का भुंकलं नाही, सगळं त्यांच्या ध्यानात. "डॉक्टरच हाय," त्या म्हणायच्या. "औषिद कुनाच्या पिशवीत असतं?"

शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी चारचौघींत माझ्या भाकरीला नावं ठेवली. म्हणाल्या, अठरा वर्षं झाली, अजून हिची भाकरी फुगत न्हाई. सगळ्या हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण पुस्तक उघडून वाचायला लागले. वाचत वाचत पान उलटलं, तर पुढं पुठ्ठाच. शेवटची सोळा पानं, म्हणजे एक अख्खा फॉर्मा, कधीतरी गळून गेलेला. सहा जणी कांदा हातात धरून माझ्या तोंडाकडं बघतायत.

पानं नाहीत, असं सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. पुठ्ठ्याकडं बघत, बोट फिरवत, मी पुढं वाचतच राहिले. इन्स्पेक्टरला सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायला लावलं. तोंडाला येईल ते बोलत होते आणि आवाज काय लागला होता. आणि शेवटी खून केला कुणी, तर म्हातारीनं. आळ सुनेवर घालायला निघाली होती, पण पकडली गेली. मी पुस्तक मिटलं.

मग एकजण आत्याबाईंकडं बघून फिसकन हसली, आणि सगळ्याच सुटल्या. त्या तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण गाव आहे. दुसऱ्या दिवशी आत्याबाई डेअरीला दूध घालायला गेल्या, तर तिथला माणूस म्हणाला, "आजी, दुधात काय घातलं न्हाई ना?" तिसऱ्या दिवशी तेच. आत्याबाई वरवर हसायच्या. चाळीवर मात्र दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून बसायला लागल्या. नवी गोष्ट लावली, ती त्यांनी ऐकली नाही. जेवायला बसल्यावर माझ्या हातची भाकरी मुकाट खाल्ली, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

चारेक दिवसांनी त्या म्हणाल्या, "दूध घालाया चाललेच हाय, पुस्तक देऊन येते." मी दिलं. मला भान राहिलं नाही. वाचनालयाच्या भाऊंची सवय अशी की परत आलेलं पुस्तक ते पानन् पान बघून घेतात. त्यांनी सहज सांगितलं, की याची शेवटची पानं गेली त्याला पाच-सहा वर्षं झाली.

आत्याबाई घरी आल्या. किटली खाली ठेवली. "मग सासूनं खून केला, हे कंच्या पानावर हाय?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. "मी बनवलं."

त्या खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अठरा वर्षं झाली तुला या घरात. मी तुला अशी वाटते व्हय गं?"

भाकरीचा राग आला होता म्हणून तुम्हाला फासावर दिलं, हे सांगायची लाज वाटली. तरी सांगितलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की खरा खुनी कोण ते शोधायचं आणि सगळ्या जणींसमोर सांगायचं. "डेअरीवाल्याला बी कळलं पायजे. मी काय या वयात तोंड लपवून फिरू?"

मी भाऊंकडं धावले. दुसरी प्रत मिळेना. पुस्तक जुनं, छापणारे केव्हाच बंद झालेले. भाऊ डोकं खाजवत म्हणाले, "लिहिणाऱ्यालाच विचारा की. नगरला राहत्यात. अन् तो नव्हं, त्या. बाई हाय ती." त्यांनी नंबर दिला. फोनवर सगळं सांगितल्यावर एक खणखणीत, हसरा आवाज म्हणाला, "सोळा पानं? या की. एकट्या येऊ नका, सासूबाईंनाही आणा. मला त्यांना बघायचंय."

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर आणि आमच्या तोंडात नगर, असं करत आम्ही पोचलो. आत्याबाईंनी चाळीतला निवडक कांदा पिशवीभर घेतला होता. खुन्याच्या घरी चहा प्यायचा नाही म्हणणाऱ्या बाई, घेतला चहा. लेखिका पंच्याहत्तरीच्या असतील. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, कानाला मशीन, खोलीत कोपऱ्यात शिलाई मशीन. आणि भिंतीला एक फळी. फळीवर आमचीच सगळी पुस्तकं. घोड्यांची, भुतांची, संसाराची, खुनाची. वर लेखकांची नावं वेगवेगळी, पण लिहिणारी एकच.

"समदं तुमीच?" आत्याबाईंनी विचारलं.

"सगळं मीच. इतिहासाला भारदस्त नाव लागतं, असं छापणारे म्हणायचे, आणि बाईनं खून लिहिला तर कोण वाचणार म्हणायचे. म्हणून त्यांनी जे नाव दिलं ते घेतलं. दिवसभर शिवणाचे क्लास घ्यायचे. बायका ब्लाउज शिवायला यायच्या आणि माप देता देता घरातलं सगळं सांगायच्या. त्या बोलायच्या, मी कापड बेतायचे. घोडा मी आयुष्यात टांग्याचाच बघितला."

मला इतकं हसू आलं. आम्ही मिशा लावलेला तो गडगडाटी माणूस ही बुटकी बाई. पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्या कामाला आल्या होत्या.

बाईंनी आधी माझा शेवट ऐकून घेतला, सगळा, अगदी दिवाणखान्यासकट. मग मान हलवली. "बरा आहे. पण कच्चा आहे. म्हातारीला खून करायचं कारणच दिलं नाहीत तुम्ही. आई आहे ती त्याची. नुसत्या रागावर माणूस भांडतो हो, विष नाही घालत. राग तुमचा होता, तिचा नव्हता." मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी गोष्टी वाचत होते आणि एक साधी गोष्ट कळली नव्हती.

मग त्यांनी स्वतःची प्रत काढली, चष्मा लावला आणि शेवटची सोळा पानं वाचून दाखवली. आत्याबाई पदर नीट करून ताठ बसल्या होत्या. पेल्याचा हिशोब लागला, कुत्र्याचा लागला. डॉक्टर सुटला. म्हातारी सुटली. खून केला होता सुनेनं. शिकलेली, गोड बोलणारी, पुस्तकं वाचणारी सून. कारणही पक्कं होतं, बाईंनी पहिल्याच प्रकरणापासून पेरून ठेवलेलं. कुणाला दिसलं नव्हतं, आत्याबाईंनाही नाही.

आत्याबाईंनी हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

परतीच्या एसटीत त्या खिडकीला बसल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, उद्या खुशाल सांगा. माझी काही ना नाही." खरंच नव्हती. मी त्यांचं आठवडाभर गावात हसं केलं होतं. आता मला कुणी भाजीत काय घातलं विचारलं, तर ते माझं मला भोगणं भाग होतं. त्या "हं" म्हणाल्या आणि राहुरी येईपर्यंत ऊस बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सावड चाचींच्या चाळीवर होती. सगळ्या वाटच बघत होत्या. बसायच्या आधीच एकीनं विचारलं, "मग काय आत्या, कोन निघालं?"

मी कांदे पुढ्यात ओढले. त्या दिवशी वाचायचं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

आत्याबाई सावकाश खाली टेकल्या. "सासू न्हाई," त्या म्हणाल्या. "ते हिनं चुकून वाचलं. पानं न्हवती."

"मग कोन? सून?"

"सून कशाला करंल? एक परका मानूस हुता. भायेरनं आला, खिडकीतनं शिरला, दुधात घातलं अन् गेला."

"पर असा मानूस पुस्तकात कुठं हुता?" एकजण म्हणाली. "आमी समदं ऐकलंय की."

"सोळा पानांत हुता. तुमी वाचली का सोळा पानं? मी बाईच्या तोंडून ऐकली." मग त्यांनी त्या माणसाचं वर्णनच सुरू केलं. उंच, एका पायानं लंगडा, मोठ्या जमिनीच्या भांडणातला. विहिरीवरून आला. कुत्र्याला आधी भाकरी टाकली, म्हणून ते भुंकलं नाही. सगळ्यांचे हात थांबले. मीसुद्धा ऐकत बसले, आणि खरं शेवटचं प्रकरण माहीत असूनही मला तो लंगडा माणूस दिसायला लागला.

चाचींनी माझ्याकडं वळून विचारलं, "ऐसाच है क्या गं?"

"असंच आहे," मी म्हटलं. "मी पण ऐकलं."

संध्याकाळी सगळ्या पांगल्यावर आम्ही दोघीच शेवटच्या गोणीचं तोंड शिवत होतो. माझ्याच्यानं राहवेना. विचारलं, की का असं केलंत? मनात आणलं असतं तर माझी चांगली जिरवता आली असती.

आत्याबाईंनी दाभणातला सुतळीचा दोरा ओढून घेतला. "जिरवणारच हुते," त्या म्हणाल्या. "राती समदं ठरवून ठेवलं हुतं. पन सून म्हनाया तोंड उघडलं, अन् म्होरं तूच बसलेली. जीभच रेटंना."