बसक्या गाडीतून नवरी नेताना

गाडीत बसवून माणसाला पायी चालायला लावणारा माणूस सगळ्या शेलूबाजारात एकच, आमच्या शेजारचे बांगडीवाले चाचा. जन्मभर मोपेडवरून बाजारोबाजार बांगड्या विकल्या आणि साठीला आल्यावर त्यांनी जुनी, विजेवर चालणारी कार घेतली. का, तर ती थरथरत नाही, बांगडीवर बांगडी वाजत नाही. पण गाडी निघाली बसकी. बॅटरी सगळी खालच्या अंगाला, आणि रस्ते आमच्याकडचे. पहिल्याच ब्रेकरवर ती खालून खर्रकन घासली, तेव्हा चाचांनी स्वतःचंच पोट धरलं म्हणे. तेव्हापासून ब्रेकर आला की हुकूम सुटतो, "उतरा माय, उतरा!" सगळ्यांनी उतरायचं, ब्रेकर चालत ओलांडायचा आणि पलीकडे वाट पाहायची. चाचा गाडी तिरपी करून एकेक चाक चढवतात, तोवर दोन्हीकडच्या जीपा हॉर्न वाजवून दमतात. चाचा काच खाली करून सांगतात, "घाई हाय त उडून जा! आठ महिन्याच्या पोटुशीले असं आदळत नेतेत काय?"

तेवढ्यानेही त्यांचं भागत नाही. पोतं अंथरून, गिऱ्हाइकांना दाखवायचा आरसा हातात घेऊन ते गाडीखाली शिरतात आणि ओरखडा शोधतात. एकदा भर बाजारात त्यांचे नुसते पाय बाहेर दिसले, तर अपघात झाला म्हणून गर्दी जमली. एका बाईने रडायलाही सुरुवात केली. खालून आवाज आला, "अरे, मेलो नाही! पाहून राह्यलो!" गाडीत कोण बसणार, यावरही त्यांची बारीक नजर. माझी नणंद अंगाने भरलेली. तिला ते फार अदबीने विचारतात, "बाई, जेवून आल्या काय तुमी?" नणंद चिडते. "कायले? डबा देता काय?" "नाही जी, मागचं चाक इचारून राह्यलं."

माझ्या पोरीचं लग्न रिठदला, नवऱ्या मुलाकडे होतं. लहानपणापासून तिच्या हातात बांगड्या चाचांनीच भरलेल्या, म्हणून नवरीला मीच नेणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. घरची बाकी माणसं जीपने पुढे गेली. गाडीत नवरी, मी, नणंद आणि रुखवताचे डबे. उतरत-चढत जाता जाता मुहूर्त जवळ आला. रिठदच्या अलीकडे कोणीतरी पाईप टाकायला रस्ता आडवा खोदून वर मातीचा उंचवटा करून ठेवला होता. आम्ही दोघी उतरलो, डबे उतरवले. चाचांनी आरसा लावून पाहिलं आणि मान हलवली. "अजून भार कमी पाह्यजे."

पोरीने शालू आवरून एक पाय बाहेर काढला. हळद लागलेली पोर अशी शिवारात उतरू नये, असं मला फार वाटत होतं. पण चाचांचा त्या गाडीवरचा जीव माहीत असल्यामुळे मी नुसता तिच्या शालूचा काठ मातीवरून वर उचलून धरला. चाचांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पोरीवरच ओरडले, "बैस आत! हळदीची पोरगी रस्त्यावर पाय ठेवते काय?"

"पण चाचा, गाडी घासन ना!"

"घासू दे. गाडीच त हाय."

आणि त्यांनी सरळ गाडी घातली. असा आवाज झाला की नणंदेने कानांवर हात ठेवले. पलीकडे गाडी थांबली. चाचा खाली उतरलेसुद्धा नाहीत. "बसा लवकर, मुहूर्त चुकन," एवढंच म्हणाले. मुहूर्त साधला. मांडवात पोरीपेक्षा जास्त चाचाच मिरवले.

संध्याकाळी परतताना तोच उंचवटा आला. आम्ही दोघी सवयीने उतरलो. रिकामी गाडी अलगद वर चढली, अलगद उतरली, कुठेच लागली नाही. इतर वेळी चाचांनी शुकर म्हणून आभाळाकडे हात केले असते. आता ते स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

"नाही घासली," ते म्हणाले.

मी मागे, जाताना पोर बसली होती तिथेच बसले. आज पहिल्यांदाच त्या गाडीत ऐसपैस जागा होती. मला वाटलं, थोडी घासली असती तर बरं झालं असतं.