बोटाला ठाऊक असतं म्हणे

चिखलीत माझ्या खोलीशेजारी एक काका राहतात. कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये माझ्या बोटाचं टोक गेलं, तेव्हापासून ते रोज सकाळी येऊन माझ्या पट्टीवर, न टेकवता, आपला तळवा धरतात आणि म्हणतात,

"पालीच्या शेपटाले कोन सांगते बे, किती वाढाचं ते? जीवात शक्ती असते, तिले आकार ठाऊक असते."

आठवीत शाळा सोडलेल्या मला यातलं खरं-खोटं कळत नाही. बोट नीट झालं नाही तर काम जाईल, आणि इथं माझं दुसरं कोणी नाही. म्हणून डॉक्टरांची गोळी घेतो आणि हातही पुढे करतो.

काल नखाची किनार दिसली. गोळीनं, की काकांनी?

"काका, मग तुमचा अंगठा अर्धाच का राहिला?"

ते हसले. "माह्यापाशी असं कोनी बसलं नव्हतं बे."