मिठाच्या पाण्याचा तांब्या

ती दुपार अजून डोळ्यांपुढून जात नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी झाडलोट करायचे. महिला शिपाई रजेवर असली की बाईच्या चौकशीला साहेब मला शेजारी बसवत.

त्या दिवशी एक सासू सुनेला दंडाला धरून घेऊन आली. सुनेच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा.

"साहेब, हिनं पोराला द्राक्षावर फवारायचं औषध पाजलं. सकाळपासनं लाळ गळतीया, दूध घेत न्हाई."

साहेबांनी गस्तीवरची जीप बोलावली आणि सुनेला विचारलं, "काय दिलंस?"

सून गप्प.

"मिठाचं पाणी पाजा, वकंल तरी," सासू म्हणाली. मी तांब्यात मीठ ढवळून आणलं. मुलाच्या तोंडाला लावणार तोच सुनेनं हात मारला. तांब्या उपडा झाला.

"बघा, इख भायेर पडू देत न्हाई!"

साहेबांनी तक्रार लिहायला वही ओढली. मलाही तेच वाटलं. पण मुलाची लाळ मी पदरानं पुसली, तर औषधाचा वास येईना. बागांच्या मुलखात तो वास कुणालाही कळतो. सुनेला मी मागच्या ओट्यावर नेलं.

"मला ओरडता येत नाही बाई. पोराला काय झालं तेवढं सांग."

"माज्या आईबरुबर सासूपासनं चोरून भीमाशंकरला गेले व्हते. लाइटीचं खेळणं आणलं. सकाळी फुटलेलं दिसलं, आतला चपटा सेल गावंना. पाणी पाजलं तर पोरगं गुदमरलं. सांगितलं तर म्हायेरी धाडतील ओ."

साहेबांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा जवळजवळ ओरडलेच, "साहेब, पोरानं सेल गिळलाय!"

दवाखान्यात एक्स-रे काढला. गोल काहीतरी दिसलं. मी म्हटलं, रुपया असेल. डॉक्टर म्हणाले, "नाही. कडेच्या आत दुसरी कडा दिसतेय, हा सेलच. अन्ननळीत अडकून आतून भाजतोय. उलटी करवू नका. लगेच पुण्याला हलवा."

जीपमध्ये सासू म्हणाली, "आगं, मला सांगायचं की!"

"तुमी ऐकलं असतं व्हय?"

सासू पुण्यापर्यंत पोराची लाळ पुसत राहिली.

तिथे दुर्बिणीनं सेल काढला. अन्ननळी भाजली होती. कित्येक महिने पातळ खाण्यावर काढले, पण मुलगा वाचला. तक्रार कागदावर उतरलीच नाही.

चौकशीत गप्प बसणारा माणूस गुन्हेगार वाटतो. मी स्वतः जन्माची अबोल, तरी मलाही ती तशीच वाटली. तिनं हात मारला म्हणून ते पाणी सांडलं. मीठ मी ढवळलं होतं.