‘हाय’पुढचा पूर्णविराम

शेवटचा भेटला तेव्हा नंदू हॉस्पिटलच्या खाटेवर उताणा पडून सलाइनच्या बाटलीकडे डोळे वटारून बघत होता. "काय चाललंय?" मी विचारलं. "गप, बाय. थेंब मनानं थांबवतोय." नर्स म्हणाली, "काका, नका हो थांबवू, मला ओरडा बसेल." मग त्याने मोठ्या मनाने थेंबांना परवानगी दिली. चार दिवसांनी सकाळीच त्याच्या बायकोचा, सुलभाचा फोन आला. "गेला," एवढंच म्हणाली... आणि हौशी रंगभूमीवर आयुष्यभर रडण्याची कामं केलेली मी फोन धरून नुसती उभी राहिले.

नंदू माझा मावसभाऊ, घिवलीचा. घरची चिकूची वाडी, बोईसरच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्याची नोकरी, वय सत्तेचाळीस आणि लग्नाचं नाव नाही, असा सगळा सुखाचा मामला होता. तो बिघडवला माझ्या लेकीने. तिची जपानी चित्रकथांची पुस्तकं पालघरला माझ्या घरी पडलेली असत. मनातलं ऐकू येणारी, नजरेने वस्तू हलवणारी कॉलेजची पोरं-पोरी आणि त्यांची प्रेमं! एका दुपारी नंदूने त्यातलं एक उचललं. ते मागून पुढे वाचायचं असतं हे कळायला त्याला अर्धा तास लागला, पण संध्याकाळपर्यंत तीन संपवली. "काय पोरं ही, बाय! एकमेकांच्या मनातलं ऐकतात, तरी तीन पुस्तकं झाली, कोण बोलत नाय. आमच्या घिवलीत काय ऐकू येत नाय, तरी सगल्यांना सगलं ठावं!"

आणि मग त्याने स्वतःच तसली चित्रकथा काढायला घेतली. नायक पक्या, घिवलीचा. त्याला लोकांच्या मनातलं ऐकू येई, पण पालघरच्या अलीकडच्या उमरोळी स्टेशनापर्यंतच. पालघरला रेंज जायची. नायिका मीना नुसत्या नजरेने झाडावरचे चिकू पाडायची. तिचे टपोरे डोळे नंदू कंपास लावून काढी, त्यामुळे ती प्रेमात पडली की बेअरिंगसारखी दिसे. खरी मेख पुढे होती. सगळ्या गावाच्या मनातलं ऐकणाऱ्या पक्याला मीनाच्या मनातलं मात्र ऐकू येत नसे. ती जवळ आली की त्याला स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू येत.

मूळ कागद खराब होऊ नयेत म्हणून नंदू पानांच्या झेरॉक्स काढायचा, त्या बोईसरला सुलभाच्या दुकानात. सुलभा एका शाळामास्तरांची मुलगी, बेचाळिशीची, अविवाहित आणि शुद्धलेखनाची कट्टर. कानावर पेन्सिल, टेबलावर खोडरबर. प्रत्येक प्रतीवर ती ‘हाय’ खोडून ‘आहे’ करायची, ‘नाय’चं ‘नाही’. नंदू भडकायचा, "मॅडम, पक्या घिवलीचा हाय, पुण्याचा नाय!" ती म्हणायची, "घिवलीच्या माणसाला शुद्ध बोलायला बंदी आहे का?" असं तीन वर्षं चाललं. एका पानाचं काम असलं तरी हा दोन खेपा घालायचा. मी काही मनातलं ऐकत नाही, पण मला कळायचं ते कळलं होतं.

शेवटच्या पानावर पक्याने विचारलं होतं, "मीने, तुझ्या मनात मी हाय का नाय?" मीनाच्या तोंडापुढचा फुगा कोरा. नंदूने ते पान सुलभापुढे ठेवलं, "घाई नाय," म्हणाला आणि स्कूटरवरून पळाला. दुसऱ्या दिवशी पान घेऊन थेट माझ्याकडे आला तो मयताला आल्यासारखा चेहरा करून. फुग्यात सुलभाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘हाय.’

"संपलं, बाय. इंग्रजीतलं हाय. रस्त्यात दिसलेल्याला करतात ना, तसलं."

"अरे, ते आपलं हाय असेल!"

"तिचं? तीन वर्षं माझं हाय खोडतेय ती!"

मी पान हातात घेतलं. दोन्ही आवाजांत, हातवारे करून, तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला ते दिसलं. "गाढवा, तिने पुढे काय दिलंय बघ. पूर्णविराम! ही बाई शुद्धलेखनाची. तुला नुसता नमस्कार ठोकायचा असता तर उद्गारचिन्ह दिलं असतं. हे उत्तर आहे. तुझ्या भाषेत दिलंय."

नंदूने त्या टिंबाकडे कितीतरी वेळ पाहिलं... मग उठला आणि माझ्या नवऱ्याच्या चपला घालून बोईसरला गेला. त्या चपला आजतागायत परत आलेल्या नाहीत.

सहा वर्षांचा संसार झाला. "आता सुलभाच्या मनातलं साफ ऐकू येतं," तो छाती फुगवून सांगायचा. काय ऐकू येतं, तर "दूध संपलंय."

परवा मी तिच्या दुकानात बसले होते. मशीनच्या वर ते पान चौकटीत लावलंय. सुलभा पाठमोरी उभी राहून कागद लावत होती. तेवढ्यात नंदूच्या कारखान्यातला कुणी जुना माणूस आत डोकावला. त्याला काहीच माहीत नव्हतं. "नंदूशेठ हाय का?" त्याने विचारलं.

"हाय," सुलभा मागे न बघता म्हणाली.

म्हणाली, आणि हात थांबले. मशीन चालूच होतं. तो बिचारा वाट बघत स्टुलावर टेकला. मी टेबलावरच्या खोडरबराकडे पाहिलं. सुलभाने पाहिलं नाही.