मेश्राम मॅडमचा अंगठा

मेश्राम मॅडम पेशंटचा चेहरा शेवटी बघत. आधी बूट. दारातून कुणी लंगडत आत आलं की त्याला खुर्ची मिळायच्या आधी फर्मान सुटे, "बूट काढा अन् उलटे करून इकडे द्या." मग टेबलावर तो चिखलमातीचा बूट पालथा पडे आणि मॅडम चष्मा कपाळावर सरकवून त्याचा तळ निरखत बसत. कुठं झिजला, कोणत्या अंगानं झिजला. "माणूस सांगते, मी तं सरळ चालतो," त्या म्हणत. "चालते का नाई, ते मी इथं पाह्यते."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा डावा घोटा भरताच्या वांग्याएवढा आणि त्याच रंगाचा झाला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या मोकळ्या मैदानावर आम्ही पन्नाशीच्या आगेमागे असलेली माणसं रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो. नेट माझी आहे, त्यामुळे कॅप्टनही मीच. खेळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्या संध्याकाळी मी एक बॉल मारायला उडालो. बॉल चुकला, जमीन चुकली नाही. आमच्यात गुल्हाने म्हणून एक जण आहे, कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझर. त्याला सगळ्या दुखण्यांवर इलाज ठाऊक असतो. त्यानं मला घरी नेलं, गॅसवर वीट तापवली, फडक्यात गुंडाळून घोट्यावर दाबून धरली आणि वरून जवसाच्या तेलानं घसघसून मालिश केली. मीही "जरा जोरात" म्हणालो. सकाळी वांगं तयार होतं.

"वीट कोणं सांगतली?" मॅडमनी विचारलं.

"मित्रानं."

"त्यालेही आणजा एखाद्या वक्ती. त्याचे बूट पाहाचे हाय मले."

मग त्यांनी माझा काळा चामडी बूट उलटा केला आणि बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं. शेवटी एक सुस्कारा. "गुरुजी, हा बूट हजेरी घ्याचा हाय. उड्या माराचा नाई. अन् तुम्ही बाहेरच्या कडेवर चालता. घोटा वळाचाच होता, तुम्ही फक्त त्याची वाट पाहून राह्यले होते."

त्यांच्याकडं फ्रीजमध्ये स्टीलच्या ग्लासात पाणी गोठवलेलं असे. तो ग्लास त्या माझ्या घोट्यावर हलक्या हातानं फिरवत राहिल्या, पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवला. आणि सगळं झाल्यावर त्याच ग्लासाला स्वतःचा उजवा अंगठा टेकवून डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, ही काही पद्धत असेल. मी विचारलंच.

"पद्धत कायची जी. तुमच्यासारख्या लोकायच्या पोटऱ्या दाबून दाबून सांधा गेला याचा." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "दोन मशिना हाय माझ्याजवळ. बाकीचा सारा दवाखाना या अंगठ्यावर चालते. हा गेला का मीही गेली."

त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत फिजिओथेरपीचा दवाखाना. कबड्डीवाले, कुस्तीवाले, पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पहाटे पळणारी पोरं-पोरी, आणि आमच्यासारखे स्वतःला अजून पोरंच समजणारे. येणारा प्रत्येक जण टेबलावर आडवा होताना एकच वाक्य बोले, "मॅडम, चांगलं दाबून द्या." आपल्याकडं हात लागल्याशिवाय इलाज झाला असं कुणालाच वाटत नाही. व्यायाम सांगितला तर पेशंट मान डोलावतो आणि विचारतो, "ते ठीक हाय, पण दाबणार कधी?"

एकदा मी बाकावर बसलो होतो, तेव्हा रोहण्याहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी भरतीची तयारी करत होती. नडगी दुखायची, तरी पळायची. मॅडमनी बूट पाहिला. टाचेचं रबर संपून आतला फोम दिसत होता. मग नडगीवर एका जागी बोट टेकवलं, तशी मुलगी टेबलावरून अर्धी उठली.

"इथं दाबाचं नाई," मॅडम आईला म्हणाल्या. "एक्स-रेचा फोटो काढून आणा. पळणं आजपासून बंद."

"बंद कसं जी? भरती तोंडावर आली. तुम्ही फक्त मोकळी करून द्या नस."

"नस नाई बाई, हाड हाय. माणूस थकते तसं हाडही थकते. थकलेल्याले झोपू द्या, दाबता काऊन?"

बाईंनी मुलीला उठवलं. दारातून जाताना मुलीनं मागं वळून पाहिलं, आईनं नाही. पुढं ती मुलगी आली ती प्लास्टर घालून, बापाच्या खांद्यावर हात टाकून. दुसरीकडं कुणीतरी चांगलं दाबून दिलं होतं. मॅडमनी "मी सांगतलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. पाय ठेवायला स्टूल सरकवलं आणि तिचा दुसरा, धड पायातला बूट मागितला. पुढच्या भरतीत तिचं काय झालं, ते मला ठाऊक नाही. मॅडमनाही ठाऊक नव्हतं. "बरं झालं का कोणी सांगाले येत नाई," त्या म्हणत. "बिघडलं का सारे येतात."

बिघडून येण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. घोट्यानंतर पोटरी, पोटरीनंतर गुडघा. दुखणं थांबलं की दुसऱ्या दिवशी मी मैदानात. मॅडम सांगून थकल्या, "दुखणं पयले जाते गुरुजी, दुखापत मागून जाते. तुम्ही मधातच बॉल मारून येता." एकदा मोबाईलवर बघून मी वर्गातच उठाबशांचा एक प्रकार केला. बशी झाली, ऊठ झाली नाही. शेवटी शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी येऊन मला उभं केलं. त्या दिवशी मॅडमनी बूटसुद्धा पाहिला नाही. नुसत्या म्हणाल्या, "व्हिडिओत सांगणाऱ्याले तुमचा गुडघा दिसते का?"

आणि प्रत्येक वेळी माझं झालं की तो ग्लास, तो अंगठा, ते मिटलेले डोळे. हळूहळू अंगठ्यावर पट्टा आला. मग त्या कोपरानं दाबू लागल्या. मग खांदाही बोलू लागला. हाताच्या डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं की अंगठ्याला पूर्ण आराम द्या, नाहीतर ऑपरेशन करूनही पूर्वीसारखा होणार नाही. हे त्यांनी मला हसत सांगितलं. "जे मी लोकायले सांगते, तेच मले सांगून राह्यला बिचारा. मीही लोकायसारखी मान हालवून आली."

मला तेव्हा शहाणपण सुचलं. "मॅडम, माणूस थकते तसं हाडही..."

"माझंच मले ऐकवता का," त्या म्हणाल्या. पण ओढणीखाली हात घातला आणि त्या दिवसापासून खरंच बाहेर काढला नाही.

त्यांनी ठरवलं, हात न लावता इलाज करायचा. पेशंटनं करायचं, आपण बघायचं, सांगायचं. पहिला पेशंट अर्थातच मी, पोटरी धरून हजर. सगळं ऐकून घेतलं आणि निघताना माझ्या तोंडून गेलंच, "थोडं दाबून दिलं असतं तर..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. दिवसभर तेच उत्तर देणाऱ्या माणसाच्या नजरेनं. "तुम्हीही, गुरुजी?" आणि मग, "उभे राहा. एक पाय. डोळे बंद."

मी डोळे मिटले आणि तिसऱ्या श्वासाला कपाटावर गेलो. पुन्हा. पुन्हा. त्या खुर्चीत बसून थकल्या आवाजात सांगत राहिल्या. पोटरी बरी झाली. पहिल्यांदाच उलटून आली नाही.

पण बाक रिकामा होऊ लागला. "मॅडम आता हात नाई लावत," ही बातमी वर्ध्यापासून वडनेरपर्यंत पोचली. रस्त्यापलीकडं एक मालिशवाला बसू लागला, त्याच्याकडं रांग. एकदा मी भर संध्याकाळी गेलो तर मॅडम एकट्याच स्वतःची चप्पल उलटी करून बघत बसल्या होत्या.

मी ठरवलं, हा दवाखाना वाचवायचा. मी काही वाचवायचं ठरवलं की घरात बायको देवाजवळ दिवा लावते. तिनं लावला. मी मैदानावर फतवा काढला: खेळण्याआधी मेश्राम मॅडमचा व्यायाम, नाहीतर नेट बांधणार नाही. नेट माझी. त्यामुळे पन्नाशीची सगळी फौज एका पायावर, डोळे मिटून उभी राहू लागली आणि पिकलेल्या सीताफळांसारखी टपाटप पडू लागली. रस्त्यानं जाणारे विचारत, कोणत्या बाबाचं शिबिर आहे. माझा हिशोब सरळ होता: लोकांना गोडी लागेल, मॅडमचं नाव होईल, सगळे दवाखान्यात जातील.

एकदा मी मॅडमना घेऊन आलो. त्या कठड्यावर बसल्या आणि काठाला काढून ठेवलेल्या सगळ्यांच्या चपला डाव्या हातानं एकेक उलटून पाहू लागल्या. एका जोडीपाशी थांबल्या.

"ही कोणाची?"

"माझी," गुल्हाने म्हणाला.

"वीटवाले तुम्हीच ना?"

गुल्हाने लाजला. मी त्याला त्यापूर्वी किंवा नंतर कधी लाजताना पाहिलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तोच आम्हाला ओरडू लागला, "एक पाय, डोळे बंद, गुरुजी बेईमानी करून राह्यले."

आणि घडलं ते असं की कुणाला काही झालंच नाही. घोटा वळेना, पोटरी भरेना, खांदा निखळेना. आमचं बघून शेजारच्या मैदानावरचे कबड्डीवालेही करू लागले. तेही धडधाकट. दवाखान्यात जायला कुणाला कारणच उरलं नाही. मॅडमचं गिऱ्हाईक वाढवायला निघालो आणि जे उरलंसुरलं होतं, तेही संपवून बसलो. हे माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. बायकोच्या लक्षात आधी आलं.

सांगायला गेलो तेव्हा मॅडम खोकी भरत होत्या. नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती. तिथं अंगठा लागत नाही, तोंड लागतं. मी चाचरत सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग खुर्चीत बसून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दमल्यासारख्या.

"गुरुजी, इतक्या वर्साचा माझा दवाखाना तुम्ही बंद पाडला." ओढणीनं डोळे पुसले. "पण काम बराबर केलं. हेच मले कराचं होतं. जमलं नाई मले. आता त्यायले हे सोडू नका देऊ."

निघताना त्यांनी सवयीनं हात पुढं केला, डावा. "बूट दाखवा."

मी याच क्षणाची वाट पाहत होतो. माझ्या बुटाचा तळ आता दोन्ही कडांनी सारखा झिजायला लागला होता. मी स्वतः तपासला होता. पण बायकोनं कालच ते जुने बूट भंगारवाल्याला देऊन नवे आणले होते. मॅडमनी नवा कोरा तळ उलटसुलट फिरवला. "यावर अजून काहीच झालं नाई," त्या म्हणाल्या, आणि बूट माझ्या हातात दिला. "झिजला का दाखवजा."

गेल्या आठवड्यात झिजलेला दिसला. संध्याकाळी एक पाय झाल्यावर कठड्यावर बसून मी तळाचा फोटो काढला आणि पाठवला. लगेच काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आवाजातला निरोप आला. मागं पोरींचा गलका, बहुतेक वर्ग सुटला असावा.

"टाइप नाई होत, म्हणून बोलून राह्यली. डावी कड अजून थोडी जास्त घासून राह्यली, गुरुजी. डोळे उघडता तुम्ही मधातच." मग मागं कुणाला तरी 'आली, आली' म्हणाल्या. "पण ठीक हाय. चालता तुम्ही."