खंडेनवमीची सीडी

आमच्या घरात माझ्याआधी दहावीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. बाबा वटार गावात दुसऱ्याच्या वाडीत पानवेलींच्या कामाला जायचे. आई त्याच वाडीतलं अळू आणि केळफुलं टोपलीत घालून विरारला विकायची. घरात टेबल नव्हतं. तांदळाच्या पिंपावर पाट ठेवून मी बी.एस्सी.ची दोन वर्षं काढली. विषय कॉम्प्युटर सायन्स, आणि कॉम्प्युटर फक्त कॉलेजात, तोही तिघींत एक.

तिसऱ्या वर्षी दोघांनी साठवून साठवून घरी कॉम्प्युटर आणला. विंडोजवाला परवडणारा नव्हता, म्हणून दुकानातूनच फुकटातलं लिनक्स घातलेला घेतला. त्यावर गाणी वाजत, पत्ते खेळता येत. पण आपण लिहिलेला प्रोग्राम चालता करणारा कंपायलर काही त्यात नव्हता. माझ्या प्रोजेक्टचा शेवटचा भाग राहिला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दाखवलं नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि कॉलेज सुट्टीमुळे बंद. सरांनी लॅबमधल्या, कंपायलर असलेल्या लिनक्सची सीडी दिली. म्हणाले, जुनं काढ, हे टाक.

बाबांना ते पटेना. "दुकानदारानं घालून दिलंय ते काढायचं? नव्या सायकलची सीट कोनी बदलतं का, बाय?"

"बसायला टोचली तर बदलतात, बाबा."

"आनि बिघडलं तर?"

"नाही बिघडणार. मी शिकलेय ते."

खंडेनवमीला आईने कोयता, विळी, तराजू पूजेला मांडले. मॉनिटरला झेंडूची माळ घातली. "ती तबकडी पन दे. उद्या तिचंच काम हाय ना?" मी दिली आणि दारात रांगोळी काढायला गेले. पूजा झाल्यावर आईनेच सीडी जपून तिच्या कागदी पाकिटात घातली.

दसऱ्याला जेवणं झाली आणि मी कामाला लागले. जुनं सगळं पुसायचं का, असं मशीनने विचारलं. मी दोघांच्या देखत, जरा ऐटीतच, हो म्हटलं. पडद्यावरची निळी पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि थांबली. सीडी आतल्या आत घरघरायला लागली. मशीन बंद करून चालू केलं, तर पडदा काळा.

"म्हनजे होतं ते पन गेलं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आनि नवीन?"

"अर्धं आलंय."

"अर्ध्यावर नाय चालत?"

"नाही."

बाबा ओट्यावर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी सीडी बाहेर काढली आणि पहिल्यांदाच उलटी करून बघितली. चकचकीत बाजूला, कडेने, हळदकुंकवाची पाच बोटं.

"आई, हे काय?"

"हळदकुंकू."

"या बाजूला?"

"मंग? पाठीला लावतात काय कोनी? चकाकतं ते तोंड."

सीडी त्याच बाजूने वाचली जाते. वाचायला सुरुवात मधून होते आणि मग कडेकडे. म्हणून कुंकू लागेपर्यंत काम सुरळीत चाललं होतं. कॉम्प्युटर न शिकलेल्या आईने तोंड बरोबर ओळखलं. मी शिकलेली, मी फक्त पाठीवरचं सरांचं अक्षर बघून सीडी आत सरकवली होती.

मी ओढणीने ती गोल गोल घासायला लागले, तसे बाबा आत आले.

"अशी नको रगडू, चरे पडतील. दे इकडं."

त्यांनी जुन्या धोतराचा मऊ तुकडा ओला केला आणि विड्याची पानं पुसतात तशी ती पुसली. मधून कडेकडे, हलक्या हाताने, दर खेपेला फडकं उचलून. सीडी अशीच पुसावी असं पुढे मला एका पुस्तकात सापडलं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "त्यानं पन पानं पुसली असतील."

सीडी कोरडी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी पट्टी शेवटपर्यंत गेली. अंधार पडायच्या आत माझा प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर चालला. आईने माळ तेवढी काढू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रोजेक्ट दाखवलं. परीक्षेला बसले आणि सेकंड क्लासात पास झाले. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट.